दोराचं वरचं टोक

मे महिन्यात नागपुरात रात्री साडेदहानंतर गच्ची जरा बसण्यासारखी होते. संध्याकाळी तापलेल्या सिमेंटवर दोन-तीन बादल्या पाणी ओतायचं, ते पाहता पाहता वाफ होऊन जातं, मग तासाभराने सतरंजी टाकायची. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं रोज त्या सतरंजीवर न्यूझीलंडचा नकाशा पसरून बसत होतो. इथे पारा ४५ अंशांवर, आणि जिथे जायचं ते क्वीन्सटाऊन दक्षिण गोलार्धात ४५ अक्षांशावर. एकच आकडा, पण तिकडे त्याचा अर्थ बर्फाचे डोंगर, गार तळी आणि उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी लागणारा स्वेटर.

न्यूझीलंडच का, याचं कारण यांच्याकडे आहे. १५ मार्च २०१६ ला हे जामठ्याच्या स्टेडियममध्ये होते. टी-२० विश्वचषकाचा सामना, आपल्याला फक्त १२७ धावा करायच्या होत्या आणि आपण ७९ वर आटोपलो. न्यूझीलंडच्या सँटनरने ४ बळी घेतले. रात्री उशिरा घरी आले ते जेवायच्या आधी लेकीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशात तो देश शोधत उभे राहिले. क्षेत्रफळ २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही लहान. माणसं पन्नास-पंचावन्न लाखांच्या घरात. "एवढ्याशा लोकांनी आपल्याला आपल्याच गावात हरवलं," एवढंच म्हणाले. पण त्या रात्रीपासून तो देश आमच्या घरात राहायला आला. आता ते बँकेतून निवृत्त झाले, लग्नाला तीस वर्षं होत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही ठरवलं की या प्रवासात पैसा हात राखून खर्च करायचा नाही.

पहिल्या आठवड्यात केलेली यादी माझ्या वहीत अजून आहे. चौदा दिवस, बारा ठिकाणं. ऑकलंड, वायटोमो, रोटोरुआ, टाउपो, वेलिंग्टन, मग फेरीने कुक सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण बेट, कायकौरा, ख्राइस्टचर्च, टेकापो, माऊंट कुक, वानाका, क्वीन्सटाऊन, मिलफर्ड साऊंड. लेकीने बंगळुरूहून फोनवर यादी ऐकली आणि विचारलं, "आई, यात तुम्ही झोपणार कधी?" नकाशावर बोटभर दिसणारं अंतर तिकडे दिवस खातं. ख्राइस्टचर्च ते क्वीन्सटाऊन पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता डोंगरातून वळत जाणारा, मध्येच एकेरी पूल, जिथे बाण पाहून कुणी आधी जायचं ते ठरतं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीत छापलेला आपला परवाना तिथे चालतो, त्यामुळे हे खूश होते. तरी मी पेन घेतलं आणि सगळं उत्तर बेट खोडलं. वायटोमोच्या गुहेच्या छताला निळसर उजेड देणाऱ्या अळ्या लटकतात. त्या ओळीवर पेन थांबलं होतं. पण खोडली.

महिन्याचंही तसंच झालं. आपल्या सवयीने आम्ही सुट्टी म्हणजे मे महिना धरून चाललो होतो. तिकडे मे म्हणजे शिशिराची चाहूल, आणि जून ते सप्टेंबर बर्फावर घसरायचा मोसम. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा उन्हाळा, पण त्यांच्या शाळांनाही तेव्हाच सुट्ट्या. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ठरवला. हवा तेव्हा त्यातल्या त्यात स्थिर असते आणि गर्दी ओसरलेली.

खरा अडखळा आला तो चैनीच्या प्रश्नाशी. आमच्या घरात हा शब्द कधी सरळ उच्चारला गेला नाही. कुणी दोनदा चहा मागितला तरी "चैन चाललीय" म्हणायची रीत. आणि आता मी ग्लेनॉर्कीजवळच्या एका लॉजचे फोटो पाहत होते: खिडकीबाहेर वाकाटिपू तळं, आत पेटलेली शेकोटी, मोजून थोड्या खोल्या. एका रात्रीचं भाडं पाहून मी दोनदा फोन उलटा ठेवला.

मग एका दुपारी कूलर बंद पडला आणि मला आजी आठवली.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या टट्ट्या लागायच्या. जेवणं झाली की आम्ही आठ-दहा पोरं त्या ओल्या, सुगंधी अंधारात आडवी व्हायचो. बाहेर ऊन नुसतं भाजत असायचं. मला अर्धवट झोपेत एकच आवाज आठवतो: तांब्यातून टट्टीवर पाणी मारल्याचा. थोड्या थोड्या वेळाने. आजी दुपारभर उठून पाणी मारायची. ती कधी झोपायची हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. त्या घरात पैसा नव्हता, पण मी आयुष्यात भोगलेली सगळ्यात मोठी चैन तीच. मी गाढ झोपलेली असताना माझ्यासाठी कुणीतरी जागं होतं.

त्या संध्याकाळी मी लॉजची माहिती वेगळ्या डोळ्यांनी वाचली. टबाचे आणि झुंबरांचे फोटो सोडून दिले. पावसात भिजून आलेल्यांचे बूट वाळवायला वेगळी खोली आहे का, उद्या हवा बिघडणार असेल तर आज रात्री कुणी येऊन सांगणार आहे का, पहाटे निघणाऱ्यांना शिदोरी बांधून मिळते का, हे पाहिलं. जिथे या तिन्हीचं उत्तर हो होतं, तिथे तीन रात्री घेतल्या. यांना म्हटलं, आपण पैसे आजीच्या तांब्याचे देतोय. ते हसले नाहीत, त्यांना कळलं.

साहसाची गोष्ट मात्र आणखी मागे जाते. काटोलच्या बाजूला माझ्या आजोळची संत्र्याची बाग. बागेत चाळीस फूट खोल विहीर, दगडी बांधणीची. मोट बंद होऊन वीजपंप आला होता, पण मोटेचा जुना नाडा गोठ्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. त्याच नाड्याला बांधून मामांनी आम्हा सगळ्या भाचरांना पोहायला शिकवलं. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं वरचं टोक मामांच्या हातात. मामा थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी जिथे ओतलं जायचं तिथल्या, दगडाला पाय रोवून उभे राहायचे आणि उडी मारायच्या आधी दोराला दोन हिसके द्यायचे. पाण्यात आवाज पोचत नाही, हिसका पोचतो, असं ते म्हणत. दोन हिसके म्हणजे मी आहे वर. आपण एक हिसका परत द्यायचा, म्हणजे कळलं. मगच उडी.

मी दहा वर्षांची असताना एका सकाळी मला ताप होता. सांगितलं असतं तर विहिरीवर जाऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. दोन हिसके आले, मी एक दिला, उडी मारली. पाण्यात गेल्यावर पाय हलेनात. हिरवा उजेड वर वर जाताना पाहिल्याचं आठवतं, मग कमरेला बसलेला जोराचा झटका. मामांनी मला काठावर आणलं, कपाळाला हात लावला आणि तो हात तसाच राहिला. रागावले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी येऊन एवढंच म्हणाले, "दोर धरनाऱ्यापासून काही लपवजो नोको, बाई."

हे सगळं मला आठवलं ते कावाराऊ पुलाबद्दल वाचताना. क्वीन्सटाऊनजवळ कावाराऊ नदीवर १८८० साली बांधलेला झुलता पूल. तिथून ४३ मीटर खाली उडी. एजे हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या दोघांनी १९८८ मध्ये इथेच बंजी उडीचा जगातला पहिला कायमचा व्यवसाय सुरू केला. मूळ कल्पना मात्र त्यांची नाही. पॅसिफिकमधल्या वानुआतू देशात पेन्टेकोस्ट नावाचं बेट आहे. तिथले पुरुष सुरणासारख्या याम कंदाच्या सुगीच्या वेळी लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उडी घेतात. वेल प्रत्येकाच्या अंगमानाप्रमाणे निवडावी लागते. कावाराऊच्या पुलावरही उडी घेणाऱ्याचं आधी वजन करतात आणि त्यावरून दोर निवडतात. हलक्या माणसाला आणि जड माणसाला एक दोर चालत नाही. वजन चुकीचं सांगायची सोय नाही, ते समोर काट्यावरच होतं. आणि तुम्हाला हवं असेल तर दोराची लांबी अशी ठेवतात की तळाशी डोकं आणि हात नदीच्या पाण्यात बुडून वर येतात. हे वाचल्यावर मी ठरवूनच टाकलं. सत्तावन्नाव्या वर्षी मला पुन्हा एकदा पाण्यात जायचं आहे, दोर बांधून.

यांनी विरोध केला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक तारीख ठेवली: ९ डिसेंबर २०१९. त्या दुपारी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावरच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. बेटावर ४७ माणसं होती, बहुतेक सहलीला आलेली, सोबत वाटाडे. त्यातली २२ गेली. मी ते सगळं दोन रात्री वाचत होते. त्या माणसांनीही आमच्यासारखीच वहीत यादी केली असेल. बुकिंग केलं असेल, टोपी घेतली असेल. साहस विकत घेताना आपण धोका विकत घेत नसतो. दुसऱ्या कुणाची तरी नजर विकत घेत असतो, आणि ती नजर चुकली तर पैशाचा काही उपयोग नसतो.

प्रवास रद्द करावा असं मात्र वाटलं नाही. तिथे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना सुरक्षिततेची तपासणी होऊन सरकारी नोंदणी घ्यावी लागते, हा नियम २०११ पासून आहे. व्हाकारीनंतर तो आणखी कडक झाला आणि २०२४ पासून निसर्गातल्या गंभीर धोक्यांची माहिती येणाऱ्याला आधी देणं बंधनकारक झालं. ती नोंदणी कुणालाही पाहता येते. आम्ही आमच्या यादीतलं एकेक नाव त्यात शोधलं. एक सापडलं नाही, ते खोडलं. शिवाय १९७४ पासून तिथे अशी व्यवस्था आहे की अपघाताने जखमी झालेल्याच्या उपचाराचा बराचसा भार सरकारी अपघात निधी उचलतो, चूक कुणाची हे न विचारता, आणि पाहुण्यालाही. आजारपण मात्र त्यात बसत नाही. ते आपलं आपण पाहायचं.

आणि इथेच आमची गाडी अडली. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. प्रवास विम्यासाठी सीताबर्डीला एका एजंटकडे गेलो. त्याने अर्ज भरता भरता सहज सांगितलं, "ते हृदयाचं नका लिहू, हप्ता वाढतो. कोण विचारतं?" हे क्षणभर गप्प झाले. मला त्यांच्या चेहऱ्यावर तो दहा वर्षांच्या मुलीचा विचार दिसला: सांगितलं तर जाऊ देणार नाहीत. मी अर्ज परत घेतला आणि आम्ही उठलो. दुसरीकडे सगळे रिपोर्ट जोडून विमा घेतला, हप्ता वाढला, वाढू दे. आधीचा आजार लपवून घेतलेला विमा नेमका हवा त्या दिवशी हातातून सुटतो. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण असा सल्ला आपल्याकडे प्रेमाने दिला जातो आणि तितक्याच सहज पाळला जातो.

सामानातही तेच. न्यूझीलंड बेटांचा देश असल्यामुळे बाहेरची कीड, बी, माती आत येऊ नये म्हणून विमानतळावर कसून तपासणी होते. खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. न सांगता सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. संत्री तर नेताच येणार नाहीत. संत्रा बर्फी न्यायची माझी फार इच्छा होती, पण तिच्यात खवा आहे आणि दुधाच्या पदार्थांकडे ते लोक फार बारकाईने पाहतात, म्हणून तीही राहिली. चालण्याचे वापरलेले बूटसुद्धा सांगावे लागतात, तळव्याला मातीचा कण नको. आमच्या दोघांच्या बुटांच्या खाचांत काटोलची काळी माती बसलेली आहे. ती कशी चिकटते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. एका रविवारी मी जुना टूथब्रश घेऊन तासभर मोरीत बसले होते.

डॉक्टरांनी ट्रेडमिलची टेस्ट करून सांगितलं, सपाट चालायला हरकत नाही, मोठा चढ नको. म्हणजे मिलफर्ड ट्रॅक गेला. या एका ओळीचं दुःख मला अजून आहे. ५३.५ किलोमीटरची चार दिवसांची वाट, मोसमात एकाच दिशेने चालायची, आपल्या आपण जाणाऱ्यांसाठी दिवसाला फक्त ४० जागा. वाटाड्यासोबत गेलं तर मुक्कामाला गरम पाण्याची अंघोळ आणि बिछाना, म्हणजे दिवसा साहस आणि रात्री चैन, दोन्ही एकाच वाटेवर. मध्ये मॅकिनन खिंड, ११५४ मीटर उंच. क्विंटिन मॅकिननला ती १८८८ मध्ये सापडली. "तू जा, मी खाली थांबतो," हे दोनदा म्हणाले. मी विचार केला. खरंच केला. आणि नाही म्हटलं.

त्याऐवजी खाडीत रात्रभर थांबणारी बोट घेतली. मिलफर्डला साऊंड, म्हणजे नदीच्या खोऱ्यात समुद्र शिरून झालेली खाडी, म्हणतात, पण तो फिओर्ड आहे, हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेला. डोंगर सरळ समुद्रातून उठतात. तिथल्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं, त्याला नाव पिओपिओताही. क्वीन्सटाऊनहून रस्त्याने चार तास, शेवटी होमर बोगदा. १९३५ च्या मंदीत बेकार मजुरांनी कुदळ-फावड्यांनी तो खणायला घेतला आणि १९५४ मध्ये त्यातून वाहतूक सुरू झाली. पाऊस वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्या नागपूरच्या पाच-सहा पट. म्हणून तिथे ऊन मिळेल का हा प्रश्न विचारायचाच नाही. पाऊस पडला की कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. इतकं गोडं पाणी खाडीत येतं की समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा वेगळा थर तरंगतो, जंगलातल्या पानांच्या अर्काने चहासारखा काळपट. त्याच्यामुळे खाली उजेड कमी पोचतो आणि एरवी खोल समुद्रात असणारं काळं पोवळं इथे दहा मीटरवरच वाढतं. समुद्राला फसवणारा पाऊस. मला हे वाचून किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

दोन रात्री टेकापोला. तिथे आणि माऊंट कुकच्या परिसरात चार हजारांहून जास्त चौरस किलोमीटरवर रात्रीचा अंधार राखून ठेवला आहे, २०१२ पासून, दिवे झाकून आणि खाली वळवून. आपल्या गच्चीवर मला आता मोजके तारे दिसतात. तिथे फेब्रुवारीत मृग दिसेल, पण उलटा, डोकं खाली आणि पाय वर. आमच्याकडे मृग लागला की पेरणीची लगबग. माओरी लोकांचं वर्ष कृत्तिका पहाटे पुन्हा उगवल्या की सुरू होतं, जून-जुलैच्या सुमारास. ते त्यांना मातारिकी म्हणतात आणि २०२२ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. ध्रुवतारा मात्र तिथून दिसतच नाही. सप्तर्षी दाखवून त्यांच्या रेषेत ध्रुव शोधायला आजीनेच शिकवलं होतं. त्या आकाशात मी काय धरून दिशा शोधीन, हे मी अजून शिकतेय.

गेल्या रविवारी काटोलला गेलो. मामा ८३ वर्षांचे आहेत. विहिरीत आता तळाला थोडं पाणी, बाजूला बोअर, तोही दरवर्षी खोल न्यावा लागतो. साऱ्या संत्रा पट्ट्याची हीच कथा. मामांना मी पुलाचं सांगितलं.

"किती खोल हाय?"

"४३ मीटर. एकशे चाळीस फूट."

"म्हंजे आपल्या साडेतीन विहिरी." थोडा वेळ बागेकडे पाहत राहिले. "आन् दोर कोन धरते?"

मी सगळं सांगितलं. वजन करतात, तब्येतीचं विचारतात, घोट्यांना बांधतात, अंगाला दुसरा पट्टा लावतात, दोन जण तपासतात. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "तू आपलं बीपी-गिपी सांगितलं का त्याइले?"

"तिथं गेल्यावर लिहून द्यायचं असतं, मामा."

"खरं लिहजो."

मग ते उठले, गोठ्यात गेले. नाडा कधीच कुजून गेला, पण पंप ओढायचा नायलॉनचा दोर खुंटीवर होता. तो घेऊन आले. मला म्हणाले, उभी राय. हे खुर्चीवरून पाहत होते. मामांनी साडीवरूनच माझ्या कमरेला दोर घेतला. बोटं थरथरत होती, पहिली गाठ सुटली, त्यांनी परत बांधली, मग ओढून पाहिली. दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून हळूहळू मागे सरकत ते थारोळ्याच्या दगडापर्यंत गेले आणि तिथे पाय रोवून उभे राहिले.

मी विहिरीकडे तोंड करून उभी होते. दुपार होती, कुठेतरी होला घुमत होता.

दोराला दोन हिसके बसले.

मी एक परत दिला.